सशाचा घास

सशाच्या नाकातून पेज बाहेर आली. पातळ, दोन्ही नाकपुड्यांतून. मग त्याने मागचे पाय ताणले, मान मागे टाकली आणि ओल्या फडक्यासारखा माझ्या मांडीवर सैल पडला. माझ्या हातातली पिचकारी अजून अर्धी भरलेली होती. समोर खाटेवर माझे मालक उठून बसले होते, नाकात नळी, अर्ध्या तोंडाला पट्टी. आमच्यात नवऱ्याला मालक म्हणतात; मालकी कसली ते विचारू नका. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी खाटेच्या लोखंडावर हात आपटायला सुरुवात केली. धाड, धाड, धाड. ससा मेला तर हा माणूस पुन्हा काही खाणार नाही, हे मला माहीत होतं. आणि ससा माझ्या हातानेच मरत होता.

दरवर्षी गणपती गेले की आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत गवत कापायचं मशीन येतं. एक माणूस ते खांद्याला अडकवतो, तोंडाला फडकं बांधतो आणि कंपाउंडच्या कडेकडेने चालत जातो. टीव्ही मोठा करावा लागतो इतका आवाज. पेट्रोलचा वास आणि कापलेल्या गवताचा वास एकत्र होऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. बाकीच्या बायका खिडक्या लावून घेतात. मी उघडी ठेवते. वास आवडतो म्हणून नाही. त्या वासाबरोबर एक अख्खा पावसाळा घरात येतो, आणि खिडकी लावली तरी तो यायचा थांबत नाही, हे मी करून बघितलंय.

आजही मशीन आलंय. म्हणून हे लिहायला बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि नदीवर पूल नव्हता. पण वर्षावासात विहारात ग्रंथ वाचायची पाळी माझ्यावर यायची, त्यामुळे अक्षर मोडलं नाही. ज्या पावसाळ्याचं मी सांगतेय त्या पावसाळ्यात मात्र मी विहारात एकदाही गेले नाही.

ससा माझा नव्हता. मला घरात जनावर आवडत नाही, आजही आवडत नाही. केस उडतात, गॅलरीला वास येतो, खाटेचा पाय कुरतडतो. तो माझ्या नातीचा, तन्वीचा. तिने त्याचं नाव स्नोई ठेवलं होतं. मालकांना ते म्हणता येईना, त्यांनी सोन्या केलं. मी ससाच म्हणते. मुलाला बंगळूरला नोकरी लागली, तिकडच्या बिल्डिंगमध्ये जनावर चालत नव्हतं. तन्वी लिफ्टपाशी बसून रडली. शेवटी पिंजरा आमच्या गॅलरीत आला. थोडे दिवस, म्हणाले.

मालक महाप्याच्या कारखान्यात लेथवर होते. जन्मभर पाळ्या केल्या. रिटायर झाल्यावर त्यांना हातांचं काय करावं ते कळेना. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, तंबाखू मळायचे, खाली रस्त्यावर बघायचे. ससा आला तसं हातांना काम मिळालं. एका हातात तंबाखूची डबी, दुसरा हात सशाच्या पाठीवर.

मग सशाची हनुवटी ओली राहायला लागली. गाजर तोंडात धरायचा, दोनदा चावायचा आणि टाकून द्यायचा. मालकांनी त्याला भाजीच्या पिशवीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. परत आले ते खुशीत.

“डॉक्टरीणबाई चांगली हाय. उत्तरेकडची, पण मराठी शिकलीय. म्हणाली, बाबा, ह्याला घास द्या. दिवसभर घास पाहिजे. घासच घास, बाकी सगळं बंद.”

“कसले घास?” मी विचारलं.

“कसले म्हणजे? आपण खातो ते. त्याला धरून खाता येत नाय, तर भरवायचं. पोराला भरवतात तसं.”

मला त्यात चूक दिसली नाही. जनावर खात नाही तर भरवायचं, बरोबर आहे.

तेव्हापासून ते त्याला भरवायला लागले. दुधात कुस्करलेली चपाती, वरणभात, चहात बुडवलेलं बिस्कीट. बोटाच्या टोकावर एवढासा घास घ्यायचे, त्याच्या ओठाला लावायचे आणि चिऊचं, काऊचं नाव घ्यायचे. माझ्या पोराला ह्या माणसाने कधी एक घास भरवला नाही. पाळी असायची, ओव्हरटाइम असायचा, नाहीतर झोप असायची. मी स्वयंपाकघरातून ते चिऊकाऊ ऐकायची आणि भांडी जरा जोरात घासायची. ससा मऊ खाऊन गोल झाला. मालक म्हणायचे, “बघ, घास लागला अंगाला.”

त्याच उन्हाळ्यात मालकांचं तोंड उघडेनासं झालं. भाकरीचा तुकडा आडवा जात नव्हता, तो उभा करून सरकवायचे. गालात आतून पांढरा चट्टा होता. मी म्हटलं दाखवा. म्हणाले, “चहाने भाजलंय.” पुढे म्हणाले, “दात लागलाय.” तंबाखू मात्र दुसऱ्या गालात सरकली, सुटली नाही. शेवटी खारघरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरने बॅटरी मारून आत बघितलं आणि मला बाहेर बोलावलं. मला तेव्हाच समजलं. चांगली बातमी असली तर बाहेर बोलावत नाहीत.

अर्धा जबडा काढला. पाऊस जोरात सुरू असताना घरी आणलं. नाकातून नळी पोटात, ती गालाला चिकटवलेली. नर्सने मला शिकवलं: डोकं उंच ठेवायचं, पेज गाळून घ्यायची, पिचकारी नळीला लावायची आणि सावकाश सोडायची. घाई केली तर वर येईल. मी शिकले. शिकण्यासारखं त्यात काही नाही, नजर तिकडे ठेवावी लागते एवढंच.

त्या पावसाळ्याचे वास माझ्याकडे अजून आहेत. घरात दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले, ते वाळायचेच नाहीत, नुसते आंबायचे. जखमेचा वास. भिंतीच्या ओलीचा वास. खाडीकडून वारा आला की चिखलाचा. आणि दिवसभर मिक्सर. नाचणी, तांदूळ, डाळ, सगळं दळून, शिजवून, पुन्हा दळून, गाळून. घरात चावायचा आवाज बंद झाला. चावणारी मी एकटी राहिले. त्यांच्यासमोर भाकरी खाताना ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, हेव्याने नव्हे, नुसते बघत राहायचे. मग मी स्वयंपाकघराचं दार लोटून, ओट्याकडे तोंड करून जेवायला लागले. शेंगदाणे भाजणं बंद केलं.

ह्या सगळ्यात सशाकडे कोण बघतो. त्याच्या पुढ्यात मी चपाती कुस्करून ठेवायची, ती तशीच राहायची. हनुवटीखालचे केस चिकटून पडले, कातडी लाल झाली. कोपऱ्यात पाठ वाकवून बसायचा आणि दात एकमेकांवर कुरकुर घासायचा. त्याच्या लेंड्या आधी बारीक झाल्या. मग एके सकाळी पिंजरा झाडायला गेले तर एकही नव्हती. मला त्या दिवशी पिंजरा स्वच्छ बघून बरं वाटलं होतं. केवढी अडाणी मी.

मालकांचं लक्ष होतं. बोलणं गेलं तसं त्यांनी खुणा केल्या होत्या. डोक्यावर दोन बोटं उभी केली की ससा. मग तीच बोटं जुळवून तोंडाकडे न्यायची. म्हणजे, सशाने खाल्लं का? मी नळीला पिचकारी लावायला गेले की आधी ही खूण. मी “खाल्लं” म्हटलं की मान टेकायचे. एके दिवशी मी खरं सांगितलं. “नाही खाल्लं. दोन दिवस तोंड लावलं नाही.” त्यांनी नळी मुठीत धरली, दाबून, आणि भिंतीकडे वळले. मी मूठ सोडवायला गेले. लेथवरचा हात तो, माझ्याने सुटतो का? पेज गार झाली.

“अहो, तो जनावर आहे,” मी म्हटलं. “तुम्ही माणूस आहात.”

त्यांनी पाठमोऱ्यानेच डोक्यावर दोन बोटं उभी केली.

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “आई, सोडून दे ना त्याला कुठेतरी. आधी बाबांचं बघ. किती टेन्शन घेशील?”

“तुझा बाप सशाने खाल्ल्याशिवाय खात नाही. तू ये आणि समजाव.”

तो म्हणाला, “रजा मिळत नाहीये गं.” मागून तन्वी ओरडत होती, “आजी, स्नोईला दाखव ना!”

“बघण्यासारखा नाही तो,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

म्हणून मी सशाला पिचकारीने भरवायला घेतलं. दुसरी पिचकारी आणली, तिला साडीच्या फॉलातला लाल दोरा बांधला, अदलाबदल नको म्हणून. पेज एकाच पातेल्यातली. ह्यांच्या वाटीत मीठ, त्याच्या वाटीत नाही. पहिल्यांदा मालकांसमोरच बसले, त्यांना दिसावं म्हणून. सशाला टॉवेलात गुंडाळलं, डोकं वर धरलं, पिचकारी समोरून दातांच्या मधून आत घातली आणि दाबली. नळीत सोडते तशी. पण नळी सरळ पोटात जाते. सशाच्या तोंडात समोरून सोडलेलं कुठेही जातं.

तीच ती दुपार.

मी त्याला उलटा केला. डोकं खाली, पाठ माझ्या हातावर, आणि झटका दिला. लहान पोराच्या घशात अडकलं की करतात तसं. एकदा, पुन्हा एकदा. मालकांचा हात लोखंडावर चालूच. तिसऱ्या झटक्याला पेजेचा गोळा माझ्या पायावर पडला आणि सशाच्या तोंडातून एक आवाज आला. ससा मुका असतो असं मला वाटायचं. तो आवाज मी परत ऐकला नाही आणि ऐकायचा नाही. त्याने श्वास घेतला. खाटेवरचा आवाज थांबला.

मालकांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बोट केलं. जा.

शेजारच्या जाधवबाईंना त्यांच्यापाशी बसवलं. त्या म्हणाल्या, “अगं बाई, माणूस असा पडलाय आणि तू सशाला घेऊन निघालीस?”

“माणसानेच पाठवलंय,” मी म्हटलं आणि पिशवी उचलली.

डॉक्टरीणबाई पोरगीच होती, चष्म्यातली. सशाच्या तोंडात तिने बारीक नळकांडं घालून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. आतल्या दाढा वाढून त्यांना काटे आले होते. काट्यांनी जीभ कापली होती, गाल आतून फाटला होता. सशाचे दात जन्मभर वाढतात, ती म्हणाली. चावून चावून झिजायला पाहिजेत.

“आजी, मी बाबांना सांगितलं होतं ना? ह्याला खायला काय देता?”

“तुम्ही सांगितलं तेच. घास.”

“फक्त घास? मग असं कसं झालं? कुठली घास देता?”

मला ते कानाला खटकलं. कुठली घास. आमच्यात घास तो असतो, ती नाही.

“चपातीचा,” मी म्हटलं. “भाताचा. बिस्किटाचा. तोंडात भरवतो, दिवसभर.”

“आजी, घास. घास! हिरवी असते. गाय खाते ती.”

“ते गवत.”

“गवत,” ती म्हणाली आणि तिने टेबलाला धरलं. “गवत. मला वाटलं मराठीत सांगितलं की बाबांना नीट समजेल.”

हिंदीत सांगितलं असतं तर मालकांना चटकन समजलं असतं. कारखान्यात अर्धे लोक हिंदी बोलणारे, हे त्यांच्याबरोबर जन्मभर हिंदीतच भांडले. तिने आपुलकीने मराठीत सांगितलं, ह्यांनी आपुलकीने भरवलं, आणि त्या जनावराची जीभ कापली गेली. तिचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, “रडता कशाला? दाढा घासा आधी.”

तिने त्याला झोपेचं औषध देऊन दाढा घासल्या. मी बाहेर बाकावर बसून ते बारीक मशीन ऐकत होते. नंतर तिने पिचकारी कशी धरायची ते दाखवलं: पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून, बाजूने, थेंब थेंब. त्याने गिळलं की पुढचा थेंब. मी निघताना म्हणाली, “आजी, गवत.” मी म्हटलं, “समजलं.”

घरी आले. मालक जागे होते. डोक्यावर बोटं.

“आहे जिवंत,” मी म्हटलं. “अहो, घास म्हणजे गवत. हिंदीतली घास. तुम्ही इतके दिवस गवताच्या जागी चपाती भरवलीत.”

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं कळ आली. पट्टीच्या कडेने लाळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, एका हाताने जखम धरली आणि दुसरा हात मांडीवर मारत राहिले. हसत होते. उरलेले दात दिसले. जाधवबाई घाबरून उठल्या. त्या पावसाळ्यात आमच्या घरात हसणं झालं ते एवढंच.

हसू ओसरल्यावर त्यांनी डोक्यावर दोन बोटं धरली, मग तीच बोटं स्वतःच्या छातीवर ठेवली आणि तिथेच ठेवून बसले.

मी म्हटलं, “पुरे. त्याचं तोंड चपातीने खाल्लं, तुमचं तंबाखूने. आता पेज घ्या.” त्यांनी हात खाली घेतला आणि नळी माझ्यापुढे केली.

मी विळा काढला. खाडीच्या बाजूला मोकळा प्लॉट होता, त्यात कमरेएवढं गवत. लहानपणी गवताचे भारे वाहून माझी मान आखडायची, पुन्हा विळा धरेन असं वाटलं नव्हतं, पण हाताला आठवत होतं. तिथला माळी ओरडला, “आजी, हितलं नको, औषध मारलंय! तिकडं पाण्याकडचं घ्या.” गेटवर वॉचमनने पिशवी बघितली. “काय आजी, तिसऱ्या माळ्यावर म्हैस बांधली काय?”

“ससा आहे. ये दूध काढायला.”

ससा लगेच खाईना. जखमा होत्या. मी बाजूने थेंब थेंब भरवत राहिले, आधी ह्यांना, मग त्याला, मग पुन्हा ह्यांना. हात भरून यायचे. एका सकाळी मी पिंजऱ्यात गवताच्या काड्या टाकून आत मिक्सर लावायला गेले आणि मिक्सर लावायच्या आधी आवाज आला. कुर्र, कुर्र, कुर्र. एक काडी त्याच्या तोंडात आडवी होती आणि आत आत सरकत होती. मालकांनी मान वळवून कान तिकडे केला होता. कितीतरी दिवसांनी घरात कुणीतरी उघडपणे चावत होतं. मी मिक्सर लावला नाही. त्याची काडी संपेपर्यंत दोघं ऐकत राहिलो.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

ससा खायला लागला, मालकांनी नंतर कधी नळी दाबली नाही. पोटात सगळं जात होतं. अंगाला लागत नव्हतं. पाऊस सरत आला तशी मानेत गाठ आली, दुसऱ्या बाजूला. खारघरला नेलं. डॉक्टरने ह्या वेळी मला बाहेर बोलावलं नाही, तिथेच सांगितलं, त्यांच्यासमोर. घरी येताना गाडीत मालक खिडकीतून बाहेर बघत होते. रस्त्याच्या कडेचं गवत तुऱ्यावर आलं होतं. त्यांनी माझ्या हाताला टोचलं आणि तिकडे दाखवलं. म्हणजे, हे घे त्याच्यासाठी. मी म्हटलं, “धूळ आहे त्याच्यावर.”

पुढे खूण करायची ताकदही गेली. बोटं डोक्यापर्यंत पोचायची नाहीत, उशीवरच दोन उभी राहायची. मी न विचारता सांगायची, “खाल्लं.” खरं असायचं ते.

खाली गवत कापायचं मशीन सुरू होतं त्या सकाळी ते गेले. मी पिचकारी भरून आणली होती. मशीनचा आवाज थांबला तेव्हा लक्षात आलं की घरातला त्यांच्या श्वासाचा आवाजही थांबलाय. सकाळ होती, ऊन पडलं होतं, किती दिवसांनी कपडे वाळले असते. मुलगा विमानाने आला, तन्वी आली. घर भरलं, पांढरी साडी कुणीतरी माझ्या हातात दिली, वंदना झाली. त्यांना उचलायच्या आधी मी उठले, गॅलरीत गेले आणि सशाला गवत टाकलं. बायका बघत राहिल्या. जाधवबाई कानाशी म्हणाल्या, “अगं, आज तरी राहू दे.”

“त्याला आज कळत नाही,” मी म्हटलं.

तन्वीला ससा न्यायचा होता. मुलाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “तिकडे जनावर चालत नाही ना? मग राहू दे.” दर काही महिन्यांनी त्याला दाढा घासायला न्यावं लागतं, ते आता सुटणार नाही. डॉक्टरीणबाई दर वेळी मी निघताना “गवत” म्हणते, अगदी माझ्यासारखं. मी दर वेळी “समजलं” म्हणते. मला तो आजही आवडत नाही. परवा माझ्या चपलेचा पट्टा कुरतडला.

आत्ता खाली मशीन थांबलंय. पिशवी घेऊन जायला पाहिजे. मशीनवाला मला ओळखतो, पेट्रोल न लागलेलं कडेचं गवत माझ्यासाठी ठेवतो. वास वर आलाय तसा ससा गॅलरीच्या जाळीला पुढचे पाय लावून उभा राहिलाय.

त्या पावसाळ्यात ह्या घरात तिघं होतो. ससा जगला. मी जगले.